प्रकारनिर्देशाची दुरुस्ती

परीक्षेच्या गुणपत्रकात गुणांच्या सदरात कोणी चुकून विद्यार्थ्याचे नाव लिहिले, तर ती चूक शिक्षकाच्या तत्काळ ध्यानी येते. संगणकास ही दृष्टी उपजत नसते. ती त्यास द्यावी लागते. पायथन भाषेत हे कार्य करणारी 'पायडँटिक' नामक लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संग्रह, सॅम्युएल कॉल्व्हिन यांनी २०१७ साली प्रसिद्ध केली.

पायथनमध्ये प्रत्येक नावापुढे त्याचा प्रकार लिहिता येतो. पूर्णांकास तेथे 'इंट' म्हणतात. या प्रकारनिर्देशाचे नियम २०१५ साली भाषेत आले. तथापि पायथन स्वतः त्यांची छाननी करीत नाही. पायडँटिक मात्र तो निर्देश वाचून आलेली माहिती पारखते. अक्षररूपाने आलेल्या १२ या आकड्याचा ती पूर्णांक करून घेते. 'बारा' हा शब्द आल्यास तो नाकारून चूक कोठे आहे ते सांगते.

परंतु निर्देशच चुकीचा असेल तर? तापामुळे गैरहजर राहिलेल्या मुलाचे गुण शून्य नव्हेत. ते स्थान रिकामे होय. अशा रिकामेपणास पायथनमध्ये 'नन' ही संज्ञा आहे. निर्देशात केवळ 'इंट' लिहिले असेल, तर ही खरी नोंद नाकारली जाते. मग कोणी घाईने तेथे शून्य घालतो आणि आजारी मूल अनुत्तीर्ण ठरते! 'इंट किंवा नन' एवढी दुरुस्ती केली की हा अन्याय टळतो. लायब्ररीच्या स्वतःच्या आज्ञांवरील निर्देशांसही हेच लागू आहे. कारण 'मायपाय' हा तपासनीस त्यांवर विश्वासून चालतो, व निर्देश खोटा असल्यास तोही मूक राहतो.

माहितीपत्रकातील संदर्भांचीही तीच गोष्ट. २०२३ साली पायडँटिकची दुसरी आवृत्ती निघाली. तीत 'पार्स_ओबीजे' या जुन्या आज्ञेच्या जागी 'मॉडेल_व्हॅलिडेट' आली. पूर्वी 'इंट किंवा नन' असे लिहिलेले सदर गाळले तरी चालत असे. आता पर्यायी मूल्य नेमून दिले नसेल तर ते भरावेच लागते. माहितीपत्रकात जुनेच नाव व जुनाच नियम राहिला, तर रस्ता वळल्यावरही जुन्या जागी उभ्या असलेल्या पाटीप्रमाणे तो वाचकास आडवाटेस नेईल.

विद्यार्थिमित्रहो, अशा दुरुस्तीने नवे यंत्र निर्माण होत नाही, की कोणाचे नाव गाजत नाही. तथापि जे लिहिले आहे ते खरे आहे, या भरवशावर अपरिचित माणसे आपले काम उभारीत असतात. तो भरवसा राखणे हे काम आम्ही लहान मानीत नाही.