स्वतंत्रपूरची वसाहत आणि आपले गाव

चांदवड तालुक्यातल्या एखाद्याला मोठी शिक्षा झाली, की गावात एवढेच म्हणतात, “तो नाशिकरोडला गेला.” पुढे तो तिथे काय करतो, कसा राहतो, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. मात्र शिक्षा संपली, की तो परत गावातच येतो. म्हणून तुरुंगात माणसाचे काय होते, हा प्रश्न सरकारचा तसाच आपलाही आहे.

उंच भिंती, लोखंडी दरवाजे, बंदूकधारी शिपाई हे तुरुंगाचे चित्र सर्वांना ठाऊक आहे. पण भिंती नसलेलाही तुरुंग असतो. त्याला खुले कारागृह म्हणतात. आणि त्याचा एक फार जुना प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे.

सांगली जिल्ह्यातले आटपाडी हे दुष्काळी गाव. पूर्वी ते औंध संस्थानात होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली आपल्या हातची सत्ता प्रजेच्या हवाली केली. त्याच सुमारास आटपाडीच्या माळावर कैद्यांची एक वसाहत वसली. तिचे नाव स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला ‘स्वतंत्र’ म्हणायचे, यातच त्या प्रयोगाचे मर्म आले. यामागे मॉरिस फ्रिडमन हे पोलंडचे इंजिनिअर होते. गांधीजींच्या सहवासात राहिलेले ते ‘भारतानंद’ या नावानेही ओळखले जात. कैद्याला जमीन द्या, काम द्या आणि त्याच्यावर विश्वास टाका, असे त्यांचे साधे म्हणणे. व्ही. शांताराम यांचा 1957 सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून निघाला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले.

स्वतंत्रपूरचा विशेष असा की तिथे कैद्याला बायकामुलांसह राहता येते. माणूस शेतात राबतो आणि संध्याकाळी आपल्याच चुलीवरची भाकरी खातो. घरच्यांची आठवण काढून झुरणारा कैदी आणि घरच्यांसाठी राबणारा कैदी, यांच्या मनात किती अंतर पडेल, ते तुम्हीच ताडून पाहा.

येरवडा, पैठण अशा ठिकाणी खुली कारागृहे आहेत. येरवड्याला स्त्रियांसाठीही आहे. पण तिथे कोणालाही एकदम पाठवीत नाहीत. कैदी आधी बंद तुरुंगात काही काळ काढतो. त्याची वागणूक, प्रकृती, कामाची तयारी पाहून समिती निवड करते. सराईत गुन्हेगाराला किंवा पूर्वी पळून गेलेल्याला तिथे जागा नाही. निवड झालेला कैदी दिवसभर शेतात किंवा इतर कामावर असतो. त्याला मजुरी मिळते, शिक्षेत जादा सूट म्हणजे ‘माफी’ मिळते. हजेरी मात्र द्यावीच लागते.

आता कोणी विचारील, “अहो, भिंत नाही तर तो पळून का जात नाही?” क्वचित कोणी जातोही. पण बहुतेकांना ठाऊक असते, की पळाले तर मिळवलेली माफी जाईल, पुन्हा बंद तुरुंग नशिबी येईल, वर नवा खटला. थांबले तर घर रोज एक दिवसाने जवळ येते. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही आहे, त्याला भिंतीची गरज कमी पडते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्याच्या घरचा माणूस गुन्ह्यात गेला, त्याने हे लाड का सोसावेत? त्याचे दुःख खोटे नाही, आणि शिक्षा ही झालीच पाहिजे. पण ती संपल्यावर बाहेर येणारा माणूस हातात कसब घेऊन यावा की मनात सूड घेऊन, एवढाच निवडीचा प्रश्न आहे. पहिला आला तर पुढचा गुन्हा टळतो, आणि दुसऱ्या एका घरावरचा घालाही टळतो.

खरी परीक्षा पुढे गावात होते. सुटून आलेल्याला कांदा काढणीला कोणी बोलावीत नाही, मुलीचे लग्न जमत नाही, उधारी मिळत नाही. मग जुन्या सोबत्यांची वाट मोकळीच असते. अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी परिविक्षा अधिकारी असतात, त्यांच्याकडे जाण्याचा सल्ला त्याला द्या. कैद्यांच्या कुटुंबांसाठी 2022 साली येरवड्यापासून ‘जिव्हाळा’ ही 50,000 रुपयांपर्यंतच्या कर्जाची योजनाही सुरू झाली. सरपंचांनी व सोसायटीच्या मंडळींनी अशी माहिती गावात पोचवावी.

आणि गुरुजी, तुमच्याकडे एक नाजूक काम आहे. बाप तुरुंगात असलेले मूल तुमच्या वर्गात बसलेले असेल. त्याला कोणी ‘कैद्याचा पोर’ म्हणून हाक मारू नये, एवढे आधी पाहा. घरी खायचीच पंचाईत असेल, तर बालसंगोपन योजनेची चौकशी त्याच्या आईला करायला सांगा. त्या मुलाची शाळा सुटली नाही, तर बापालाही घरी परतायला एक कारण उरते.

आटपाडीच्या माळावर एका राजाने कैद्यांवर विश्वास टाकून पाहिला. आपल्याला माळ नको, वसाहत नको. पुढच्या काढणीला मजूर ठरवताना एक नाव वाढवायचे आहे.