कोयनेचा हादरा आणि पनवेलचे फ्लॅट



११ डिसेंबर १९६७ ची पहाट जुन्या मंडळींना वेगळी सांगावी लागत नाही. चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरले. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली, हजारो घरे बसली. धरणाच्या वरच्या भागाला चिरा गेल्या, पण धरण टिकले. पुढे ते मजबूतही करण्यात आले. भूकंपाची तीव्रता साडेसहाच्या आसपास होती आणि धक्का पार मुंबई-पनवेलपर्यंत जाणवला.

हा विषय आज काढण्याचे कारण पनवेलच. आपल्या कित्येक सभासदांची मुले नोकरी-धंद्यानिमित्त पनवेल, कळंबोली, कामोठे इकडे स्थायिक झाली आहेत. उसाच्या बिलातून फ्लॅटचे हप्ते जातात. बाप म्हणतो, "पोरगं कोयनेपासून लांब आहे, सुटलं." हा हिशोब आम्हाला पुरता पटत नाही.

माणूस भूकंपाने मरत नाही, अंगावर घर पडल्याने मरतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप कोयनेपेक्षा मोठा नव्हता, तरी हजारो माणसे गेली. गणपती विसर्जन करून लोक घरात झोपले होते. भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन अडीच-अडीच फूट जाड. आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेली नाही, मधे नुसती भर. वर धाब्याची माती, दर पावसाळ्याआधी थर चढवून वाढवलेली. हादऱ्याने भिंतीच्या दोन्ही बाजू सुटल्या आणि सगळे वजन खाली आले. जाड भिंत म्हणजे पक्के घर, ही आपली समजूत तिथे खोटी ठरली. त्या मानाने ऊसतोड टोळीची पाचटाची कोप अंगावर पडली तरी माणूस झटकून उभा राहील.

म्हणून गावाकडे बांधकाम काढाल तेव्हा गवंड्याला दोन गोष्टी बजावून सांगा. दगडी भिंतीत दोन्ही बाजूंना धरणारे लांब दगड थोड्या थोड्या अंतराने घालावेत. आणि दारा-खिडक्यांच्या वरून, चारही भिंतींवर न तुटता फिरणारा सिमेंट-सळईचा पट्टा असावा. घागरीच्या गळ्याला दावे आवळावे तसा तो घर धरून ठेवतो. फक्त दारापुरते लिंटल टाकून भागत नाही.

आता फ्लॅटकडे वळू. २६ जानेवारी २००१ चा भूकंप कच्छमध्ये झाला, पण दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो लोक मेले. कोयनानगर ते पनवेल सरळ रेषेत साधारण तेवढेच, १९० किलोमीटरच्या आसपास. अर्थात कच्छचा भूकंप कोयनेच्या कितीतरी पट मोठा होता, उगाच घाबरवायचे नाही. पण अहमदाबादेत ज्या इमारती पडल्या, त्यांतल्या बऱ्याच इमारतींच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. शिवाय शहराखाली नदीचा गाळ. पनवेल परिसरातही बरीच वस्ती खाजणात भराव टाकून उभी राहिली आहे, आणि मऊ जमीन खडकापेक्षा जास्त हलते. पनवेलजवळ सह्याद्रीचे काळ्या दगडाचे थर समुद्राकडे कलले आहेत, त्या बाकाला भूशास्त्रज्ञांनी पनवेलचेच नाव दिले आहे. त्यावरून उद्या तिथे भूकंप होईल असे कोणी सांगू शकत नाही. मात्र फ्लॅट घेताना फरशी आणि नळ बघतो तसे इमारतीच्या आराखड्यात भूकंपाचा हिशोब धरला आहे का, पाया कशावर आहे, हे विचारावे. मुलाला लाज वाटत असेल तर बापाने विचारावे. जुन्या इमारतीत पार्किंगच्या खांबांतली सळई गंजून उघडी पडली असेल, तर सोसायटीच्या सभेत रंगकामाआधी तो विषय घ्यायला लावावा.

धक्का बसलाच तर वरच्या मजल्यावरून जिन्याकडे धावू नये, लिफ्टला तर हातही लावू नये. भक्कम टेबलाखाली शिरून डोके झाकावे, टेबलाचा पाय धरून राहावे, काचेपासून दूर. गावच्या दगड-मातीच्या घरात मात्र दार जवळ असेल तर उघड्या अंगणात निघावे. हादरे थांबले की गॅस आणि विजेचे मेन बटण बंद करून बाहेर पडावे आणि लगेच सामान आणायला परत आत जाऊ नये, कारण मागून पुन्हा हादरे येतात. उशाच्या वर माळ्यावर ट्रंका ठेवल्या असतील तर त्या आजच खाली घ्याव्यात. बॅटरी आणि चपला खाटेजवळ असाव्यात. कोयना आणि किल्लारी, दोन्ही भूकंप अंधारात झाले, आणि अंधारात फुटलेल्या काचेवरून अनवाणी चालता येत नाही.