लेकरू झोपेपर्यंत

आजीनं टाळू तेलानं चांगली भरून आणली होती. खोबरेल कानामागं ओघळलेलं, टोपड्यालाही डाग. डॉक्टरीणबाईंनी कापसाच्या बोळ्यानं तेल हळूच टिपलं, वर कोमट जेल लावलं आणि सोनोग्राफीचा छोटा प्रोब नेमका तिथंच टेकवला.

"टाळूले दाबू नोका जी," आजी म्हणाली.

"नाही आजी, नुसता टेकवते."

दोघींना जागा एकच हवी होती. कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात तिथली शंकरपाळ्याच्या आकाराची मऊ जागा. आवाजाच्या लहरी हाडाशी अडतात, इथून मात्र थेट आत जातात. साधारण दीड वर्षात ही खिडकी बुजते. तोवर, बाळाला खाटेवरून हलवावंही न लागता मेंदू पाहता येतो. पडद्यावर करड्या रंगात दोन काळ्या फटी दिसल्या, पाणी भरलेल्या. त्यांच्या कडेचाच भाग बाई पुन्हा पुन्हा न्याहाळत होत्या. वेळेच्या फार आधी, म्हणजे 32 आठवड्यांच्याही आत जन्मलेल्या बाळात तिथल्या रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात आणि रक्तस्राव झालाच तर बहुधा पहिल्या तीन दिवसांत होतो. अमेरिकेतल्या लू-ॲन पपील यांनी 1978 साली दीड किलोहून कमी वजनाच्या 46 बाळांचे सीटी स्कॅन तपासले, त्यांतल्या 20 जणांच्या मेंदूत रक्त आढळलं. त्यांनी तेव्हा पाडलेल्या चार पायऱ्या आजही रिपोर्टवर लिहिल्या जातात.

आमच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) अशी दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सेवाग्रामचं 1969 सालचं, गांधी जन्मशताब्दीतलं, डॉ. सुशीला नायर यांनी उभारलेलं. तिथं गावकरी आरोग्यविम्याचा हप्ता ज्वारीनं भरत. मी ज्या खोल्यांत बसून हे पाहिलं त्या कुठल्या रुग्णालयातल्या, ते मात्र लिहीत नाही. आई आणि बाळ ओळखू येऊ नयेत एवढ्यासाठीच.

सोनोग्राफी दहा मिनिटांत आटोपली. एमआरआयचं तसं नाही.

संशोधनासाठी बाळाला गुंगीचं औषध देत नाहीत. आपल्याला काही जाणून घ्यायचंय म्हणून धडधाकट लेकराला औषध पाजणं कुणालाच पटत नाही, नैतिकता समितीलाही नाही. म्हणून पोटभर दूध पाजायचं, दुपट्यात गच्च गुंडाळायचं आणि वाट पाहायची. पीएच.डी. करून आता पोस्टडॉक म्हणून काम करणारी संशोधक मुलगी मला म्हणाली, "माझं निम्मं काम अंगाईचं आहे." ती हे हसत म्हणाली खरी, पण तिच्या वहीत प्रत्येक बाळापुढं झोपायला लागलेली मिनिटं लिहिलेली होती.

आधी धातूची झडती. चांदीचे वाळे निघाले, काळ्या दोऱ्यातला ताईत निघाला, दुपट्याची सेफ्टी पिन निघाली. आईची जोडवी साबण लावूनही निघेनात, तेव्हा बाळासोबत आत कुणी जायचं यावर चर्चा झाली आणि आजी पुढं झाली. गालावरची तीटसुद्धा पुसली, कारण बाजारच्या काजळात लोहाचे कण असू शकतात आणि तेवढ्यानंही चित्र फाटतं. आजीला हे आवडलं नाही. नजर लागायची ती इथंच लागेल, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

बाहेर मे महिन्यातलं वर्धा, पारा 44 वर. आत खोली गार, आणि यंत्राच्या पोटात तर हेलियम उणे 269 अंशांवर. बाळाला ऊन लागू नये म्हणून जपणाऱ्या आजीला आता ते गारठेल याची काळजी. कानात मऊ बोळे, त्यावर चिकटणारी झाकणं, पायाला ऑक्सिजन मोजणारी तार. हवा ओढली की घट्ट होणाऱ्या छोट्या गादीत डोकं बसवलं. पावणेदोन तास गेले होते. मग आवाज सुरू झाला.

"जिनिंग होय का हे?" आजीनं विचारलं. कापसाच्या हिंगणघाटची बाई, तिला दुसरं काय आठवणार!

मोजणीचा क्रम ठरलेला असतो, सर्वांत गरजेचं सर्वांत आधी, कारण लेकरू केव्हा उठेल याचा नेम नाही. पडद्यावर जे उमटतं ते मोठ्या माणसाच्या मेंदूच्या उलटं दिसतं. नवजात मेंदूत पाणी फार आणि मज्जातंतूंवरचं मेदाचं आवरण जेमतेम सुरू झालेलं, म्हणून जे गडद दिसायचं ते उजळ दिसतं आणि उजळ ते गडद. आवरण साधारण मागून पुढं चढत जातं. सहाव्या महिन्याच्या आसपास तर करडा आणि पांढरा भाग जवळजवळ एकाच छटेचे होतात. मोठ्यांसाठी लिहिलेली संगणकप्रणाली तिथं गोंधळते. मग ही मुलगी एकेका कापावर, माऊसनं, हातानं सीमारेषा आखत बसते. एका मेंदूला कित्येक दिवस जातात. मला विचाराल तर शोध म्हणतात तो या कंटाळवाण्या रेघांतच असतो.

पोटातल्या बाळाचा एमआरआयही निघतो. तिथं गर्भ थांबत नाही, म्हणून सेकंदभरात एकेक काप टिपून संगणकावर ते जुळवतात. आपल्याकडं त्याला आणखी एक पदर आहे. 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळं गर्भाबद्दल सगळं पाहायचं आणि एक गोष्ट अजिबात बोलायची नाही. मद्रासच्या आयआयटीनं 2024 मध्ये धरणी नावाचा गर्भमेंदूचा नकाशा खुला केला, तो मात्र स्कॅनचा नाही. 5132 कापांवर पेशी दिसतील इतका बारीक आहे.

इथल्याच बाळांचे मेंदू का पाहायचे, लंडनच्या बाळांची चित्रं आहेत ना, असं मी त्या संशोधक मुलीला विचारलं. तिनं हेलिक्स चाचणीचं नाव घेतलं. जन्मताच गुदमरलेल्या बाळाला तीन दिवस थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत जीव वाचवतो. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत, मुंबईचं सायन त्यांतलंच, 408 बाळांवर तो तपासला. 2021 मध्ये निकाल आला. थंड ठेवलेल्यांपैकी 42 टक्के दगावली, न ठेवलेल्यांपैकी 31 टक्के. इथल्या बाळांना होणारी इजा वेगळ्या जातीची असावी, कदाचित कळांच्याही आधी सुरू झालेली, असा संशोधकांचा अंदाज आहे.

चौथ्या मोजणीला पडद्यावर पट्टे उमटले. बाळ हललं होतं. मग रडूच आलं. यंत्र थांबवलं, वहीत "हालचाल" लिहिलं, पुढचा गुरुवार ठरला.

"झोपवाले दोन घंटे," आजी वाळे घालता घालता म्हणाली, "अन् उठवाले एक ठोका!" मग पिशवीतून तेलाची बाटली काढून टाळू पुन्हा भरू लागली.