रिकामी गेलेली वर्षं आणि पहिली हजेरी



कारखान्याचा पट्टा पडला की शेतकी खात्याला उसंत मिळते, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिती अशी की गव्हाणीत उसाची आवक थांबली की आमच्या गट ऑफिसात दुसरीच आवक सुरू होते. नोंदीच्या नाहीतर बिलाच्या कामाला आलेले सभासद काम आटोपलं तरी उठत नाहीत. खुर्ची जरा पुढं ओढतात आणि खिशातून चार घड्या घातलेला कागद काढतात. मुलाचा अर्ज असतो. "सायेब, कुटं चिकटवता आलं तर बगा. मागल्या सालीबी दिला हुता."

मागल्या सालचा अर्ज कुठं गेला, हे आधी सांगून टाकतो. तो फायलीत आहे, त्याच्या आधीच्या सालचाही तिथंच आहे. एके काळी हंगाम दीडशे-एकशे साठ दिवसांचा धरला जाई. २०२४-२५ सालात राज्यातल्या अनेक कारखान्यांचं गाळप शंभर दिवसांच्या आतच आटोपलं. गाळपाची क्षमता वाढली, दिवस कमी झाले, यंत्रं स्वतःच चालू लागली. अशा वेळी निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाच्या जागी नवा माणूस भरणं बहुतेक कारखान्यांना परवडत नाही. हे कडू आहे, पण आशेवर ठेवण्यापेक्षा बरं.

मला आज लिहायचं आहे ते मात्र अर्जावरच्या एका रकान्याबद्दल. जन्मतारीख बघितली तर मुलगा तीस-बत्तीस वर्षांचा, काही वेळा पस्तिशीचा. पदवी झालेली असते २०१४ किंवा २०१५ ला. त्यानंतर 'अनुभव' या शब्दापुढं काहीच नाही. सहा-सात वर्षं कोरी.

ही वर्षं कुठं गेली, ते आपल्या कार्यक्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. पुण्यात सदाशिव पेठेत, नव्या पेठेत अभ्यासिकेच्या खुर्चीवर गेली. घरून महिन्याला पैसे जात होते, कित्येकदा ऊसबिलातूनच. कोविडच्या काळात परीक्षा पुढं-पुढं गेल्या. मार्च २०२१ मध्ये पूर्वपरीक्षा तोंडावर आली असताना पुढं ढकलली, तेव्हा पुण्यातल्या रस्त्यावर बसलेल्या मुलांत आपल्याही गावची होती. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. एका खुर्चीमागं दोनशेच्या वर माणसं. त्यात ज्याचा नंबर लागला नाही त्याला आळशी म्हणणं हा अन्याय आहे. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २०१६ साली तेहतीसची अडतीस केली. तो दिलासा होता खरा, पण 'अजून एक वर्ष बघू' म्हणायलाही पाच वर्षं वाढवून मिळाली, असं माझं मत आहे.

परत आलेल्या मुलाची खरी अडचण पुढं सुरू होते. काम नाही म्हणून अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून काम नाही. त्यात दिवस जातील तसा माणूस आतून ढिला पडतो. ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाचं एक गाव आहे. सगळं गाव एका कापड कारखान्यावर जगत होतं आणि तो कारखाना १९२९-३० च्या सुमारास बंद पडला. पुढं काही अभ्यासक तिथं जाऊन राहिले. त्यांना आढळलं ते वाचून मी थबकलो. वेळ भरपूर होता, वाचनालय फुकट केलं होतं, तरी लोकांचं पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्यानं सावकाश चालू लागले, मध्येच थांबू लागले. कित्येकांनी खिशात घड्याळ ठेवणंच सोडलं. बायका मात्र भरभर चालत, कारण चूल आणि पोरं त्यांना सुटी देत नव्हती.

हे चित्र आपल्याला परकं नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातले किती तरी सातारा-कोल्हापूरकडचे, पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. माझ्या लहानपणी पारावर बसणाऱ्यांत असे दोघे-तिघे होते. मागावर हात बसलेली माणसं. इथं शेतात त्यांना कोण विचारणार? कुणी इचलकरंजीला यंत्रमागावर गेला, तो सावरला. जो 'गिरणी चालू होईल' म्हणून वाट बघत राहिला, तो तसाच पारावर म्हातारा झाला. गिरणी कधी उघडणार ही बातमी तो रोज नव्यानं सांगायचा.

आता अलीकडचं एक उदाहरण. नाव, गाव सांगत नाही, कारण मुलगा अजून वाटेतच आहे. वय तेहतीस, बी.एस्सी. झालेला. मुख्य परीक्षा दोनदा दिली, २०२२ ला परत आला. घरी तीन एकर, त्यातला निम्मा ऊस. आल्यावर दीड वर्ष तो कुणाला दिसलाच नाही म्हटलं तरी चालेल. लग्नाकार्याला जाईना. रानात जायचा तो सुद्धा ऊन उतरल्यावर, म्हणजे वाटेत कुणी भेटायला नको.

काम शोधलं नाही असं नाही. औद्योगिक वसाहतीत ठेकेदार म्हणाला, मला पंचविशीच्या आतलं पोरगं पाहिजे. दुकानदार म्हणाला, तू शिकलेला, महिन्यात निघून जाशील. एका खाजगी कंपनीत मुलाखतीपर्यंत पोचला. समोरच्या साहेबांनी कागद बघून विचारलं, "या सहा वर्षांत काय केलं?" हा म्हणाला, अभ्यास. साहेब म्हणाले, "म्हणजे काहीच नाही." हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता.

आपल्याच एका सभासदांची ऊस रोपवाटिका आहे. त्यांना माणूस पाहिजे होता, मी याचं नाव सुचवलं. ते म्हणाले, "शिकल्यालं पोरगं ट्रे भरंल का?" भरले. रोजंदारीवर लागला. पहिला पंधरवडा वाईट गेला. सकाळी सातला हजेरी, आणि याला कित्येक वर्षांची रात्री दोनला झोपायची सवय. हात सोलले. दहा वर्षांनी लहान पोरगा मुकादम, तो 'अहो साहेब' म्हणून चिडवायचा. चौथ्या दिवशी हा आलाच नाही. मालक शहाणे, त्यांनी निरोप धाडला नाही, संध्याकाळी स्वतः घरी गेले आणि चहा घेऊन म्हणाले, "उद्या दोन गाड्या रोपं जायची हायत, मोजायला माणूस नाही."

मोजायला तो बसला आणि तिथून गाडी रुळावर आली. साडेचार बाय दोन फुटांवर लागण केली तर एकरी ४,८४० रोपं लागतात. तूट धरून किती द्यायची, कुठल्या बेण्याचे डोळे किती उगवले, किती दिवसांत रोप लावण्याजोगं झालं, हे तो वहीत तारीखवार लिहू लागला. कुणी सांगितलं नव्हतं. अभ्यासिकेत टिपणं काढायची सवय होती, ती उपयोगी पडली. महिन्याभरात मालकांच्या ध्यानात आलं की एका ठिकाणच्या बेण्याची उगवण सारखी कमी येते. पुढच्या खेपेला त्यांनी बेणं बदललं. पदवी वाया गेली म्हणणाऱ्यांनी ती वही एकदा बघावी. मी बघितली आहे.

दहा महिन्यांनी मालकांनी छापील कागदावर लिहून दिलं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे काम केलं, रोपं मोजणं, नोंदी आणि विक्रीचा हिशेब पाहिला. साधा कागद, पण त्या कोऱ्या रकान्यात पहिली ओळ आली. गेल्या हंगामात त्याला ऊस नोंदीचं, मोबाईलवर क्षेत्र मोजायचं तात्पुरतं काम मिळालं. ते आता संपलं. एका ठिबक सिंचनाच्या कंपनीकडे अर्ज केला आहे, मुलाखत व्हायची आहे. होईल की नाही, सांगता येत नाही. 'सहा वर्षांत काय केलं' हा प्रश्न पुन्हा येणार. या वेळी त्यानं अर्जात स्वतःच लिहिलं आहे की स्पर्धा परीक्षेची तयारी केली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, नंतर घरची शेती, रोपवाटिका आणि नोंदीचं काम. लपवण्यात अर्थ नाही. कोरी जागा बघितली की समोरचा माणूस तिथं वाईटच भरतो.

यावरून सभासदांना माझं सांगणं आहे. मुलगा घरच्या रानात राबत असेल तर त्याला मजुरी द्या, रोख आणि ठरलेल्या दिवशी. 'घरचंच आहे की' म्हणून दिलं नाही तर त्याच्या लेखी ते काम होत नाही, आणि खिशात दहा रुपयांसाठी बापाकडे बघणारा तिशीचा माणूस मुलाखतीला ताठ मानेनं बसत नाही. दुसऱ्याचं पोरगं कामाला ठेवलंत तर सोडताना दोन ओळी लिहून द्या, तारखेसह. आणि लग्नमांडवात 'सध्या काय करतोस?' हे विचारायचं तेवढं बंद करा.

ज्यांना हातातलं कौशल्य घ्यायचं आहे त्यांनी वय झालं म्हणून मागं राहू नये. आयटीआयच्या प्रवेशाला वयाची वरची अट नाही. बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला आधी कामाचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणजे हेल्पर म्हणून काढलेले दिवसही जमेला धरले जातात, मात्र त्याचा दाखला हवा. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर धंद्याचे अभ्यासक्रम चालतात, त्यांची चौकशी करावी.

'ऑर्डर काढून देतो' म्हणून पैसे मागणारे लोक गावोगाव फिरतात. कारखान्याचं, संचालकाचं, मंत्रालयाचं, कुणाचंही नाव ते घेतील. देऊ नका. ज्या घरात पाच-सहा वर्षं कमाई नाही त्याच घरातला बाप एकर विकून पैसे द्यायला तयार होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

जाता जाता एक. इतके अर्ज माझ्या टेबलावर येतात, त्यात मुलींचा अर्ज कुणी आणत नाही. त्याही पुण्याला होत्या, त्यांनीही परीक्षा दिल्या. परत आल्यावर त्यांच्या वर्षांचा हिशेब कुणी विचारलाच नाही, स्थळं बघायला सुरुवात झाली. रोपवाटिकेचं काम आणि तिथल्या नोंदी त्यांना उत्तम जमतील, आणि ते काम गावातच आहे.

जुलैमध्ये आडसालीची लागण सुरू होईल. रोप तयार व्हायला तीस ते चाळीस दिवस जातात, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रे भरायला घ्यावे लागतील. ज्या सभासदांना रोपवाटिकेसाठी माणसं लागणार आहेत त्यांनी आपल्या गट ऑफिसात किती, कधीपासून आणि काय मजुरी देणार ते सांगून ठेवावं. ज्यांच्या घरात काम शोधणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनीही नाव द्यावं, आणि या वेळी वडिलांनी न येता त्यांनाच पाठवावं.