विषाणूंशी झुंजणाऱ्या एका कंपनीचे सूत्रधार

औषधाची चिठ्ठी लिहिताना आपण मात्रा पाहतो, रुग्णाचे वय आणि वजन पाहतो, मूत्रपिंडाचे कार्य पाहतो. त्या गोळीमागे कोणत्या माणसांनी कोणते निर्णय घेतले असतील, याचा विचार करण्यास मात्र सवड नसते. टेनोफोविर, ओसेल्टामिविर, सोफोसबुविर आणि रेमडेसिविर ही नावे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. ही चारही औषधे कॅलिफोर्नियातील गिलियड सायन्सेस या एकाच कंपनीशी निगडित आहेत आणि ती आपल्या हैदराबाद शहरातील कारखान्यांतही तयार झाली आहेत. म्हणूनच या कंपनीच्या सूत्रधारांची ओळख करून घेणे आपणांस अगत्याचे वाटावे.

कंपनीची स्थापना १९८७ साली मायकेल रिऑर्डन या २९ वर्षांच्या तरुण डॉक्टरने केली. जॉन्स हॉपकिन्स येथे वैद्यकीय शिक्षण आणि हार्वर्ड येथे व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेल्या रिऑर्डन यांना फिलिपिन्समधील वास्तव्यात डेंग्यूने गाठले होते. जिवाणूंविरुद्ध प्रतिजैविकांचे भरलेले कपाट हाताशी असताना विषाणूंपुढे आपण जवळजवळ निःशस्त्र आहोत, ही जाणीव त्या आजारपणाने तीव्र केली. जॉर्डन नदीच्या पूर्वेकडील गिलियड या प्राचीन प्रदेशातील औषधी मलमाचा उल्लेख बायबलमध्ये येतो. कंपनीचे नाव त्यावरून घेतले गेले.

आरंभीची दिशा फारशी फलदायी ठरली नाही. विषाणूच्या जनुकीय संदेशाला चिकटून तो निकामी करणारे कृत्रिम रेणू तयार करावेत, अशी कल्पना होती. ती आकर्षक असली तरी त्यातून लवकर औषध हाती येण्याची चिन्हे नव्हती. रिऑर्डन यांचे मोठेपण असे, की आपल्या मूळ कल्पनेला कवटाळून न बसता त्यांनी वेगळ्या विचाराची माणसे जवळ केली. १९९० साली तीन शास्त्रज्ञ कंपनीत आले. गॅन्सिक्लोविरच्या सहसंशोधकांपैकी एक असलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन मार्टिन, ऑस्ट्रियात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ नॉर्बर्ट बिशोफबर्गर आणि जीवरसायनशास्त्रज्ञ जॉन मिलिगन. हे त्रिकूट पुढे पाव शतकाहून अधिक काळ एकत्र राहिले. मार्टिन १९९६ ते २०१६ या काळात मुख्य कार्यकारी अधिकारी होते. त्यांच्यानंतर २०१८ अखेरपर्यंत ते पद मिलिगन यांनी सांभाळले, तर संशोधनाची धुरा २०१८ पर्यंत बिशोफबर्गर यांच्याकडे होती. हे तिघेही मुळात प्रयोगशाळेतून आलेले, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

या चमूचा पहिला मोठा निर्णय म्हणजे प्रागकडे वळणे. चेकोस्लोव्हाकियातील रसायनशास्त्रज्ञ अँतोनिन होली आणि बेल्जियममधील लुव्हेनचे वैद्यकीय संशोधक एरिक द क्लेर्क यांची १९७६ मध्ये एका परिषदेत गाठ पडली. युरोपात पोलादी पडदा असतानाही होली संयुगे तयार करून पाठवीत आणि द क्लेर्क ती विषाणूंवर तपासून पाहत. या संयुगांचे हक्क आरंभी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीकडे होते. मार्टिन तेव्हा तेथेच काम करीत होते. त्या कंपनीचा रस ओसरला, तेव्हा गिलियडमध्ये आलेल्या मार्टिन यांनी १९९१ मध्ये ते हक्क आपल्या कंपनीकडे आणले. सिडोफोविर, अडेफोविर आणि टेनोफोविर ही तिन्ही औषधे त्या प्रागच्या संयुगांतून आली.

दुसरा निर्णय माघारीचा होता. एचआयव्हीवरील उपचारासाठी अडेफोविर जवळजवळ सिद्ध झाले होते. परंतु त्या मात्रेत मूत्रपिंडास इजा होत असल्याचे दिसून आले आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने प्रतिकूल मत दिले. कंपनीने एचआयव्हीसाठी त्याचा नाद सोडला. मात्र ते औषध टाकून न देता केवळ १० मिलिग्रॅम मात्रेत हेपॅटायटिस बी साठी आणले. त्यास २००२ मध्ये मान्यता मिळाली. तोपर्यंत, ऑक्टोबर २००१ मध्ये, टेनोफोविर बाजारात आले होते. एकदा हरल्यानंतर लगेच उभे राहण्याची ही तयारी नसती, तर ही छोटी कंपनी तेव्हाच मिटली असती.

पुढील पायरी सोयीची होती. एचआयव्हीच्या रुग्णास दिवसातून अनेक वेळा मूठभर गोळ्या घ्याव्या लागत आणि मात्रा चुकली की विषाणू औषधाला दाद देईनासा होई, हे आपण जाणतोच. २००६ मध्ये गिलियडने एका प्रतिस्पर्धी कंपनीशी हातमिळवणी करून तीन औषधे एकाच गोळीत आणली. रोज एक गोळी, एवढेच उपचार उरले. पुढे १६ जुलै २०१२ रोजी टेनोफोविरयुक्त गोळीस संसर्ग टाळण्यासाठीही अमेरिकेत मान्यता मिळाली. योगायोग असा, की त्याच दिवशी प्रागमध्ये होली यांचे निधन झाले.

येथवरची कथा कोणासही आवडेल अशी आहे. पुढची मात्र आपणा डॉक्टरांना अस्वस्थ करणारी आहे. २०१२ च्या आरंभी गिलियडने सुमारे ११ अब्ज डॉलर मोजून फार्मासेट ही कंपनी विकत घेतली आणि सोफोसबुविर हाती आले. इंटरफेरॉनच्या सुयांनी महिनोन्‌महिने हैराण होणारा हेपॅटायटिस सी चा रुग्ण आता बारा आठवड्यांत गोळ्यांनी बरा होऊ लागला. औषध अपूर्व होते, पण अमेरिकेत त्याची किंमत लावली गेली बारा आठवड्यांस ८४,००० डॉलर, म्हणजे एका गोळीस १,००० डॉलर. अमेरिकेच्या सिनेटमधील दोन सदस्यांनी, एक डेमोक्रॅटिक आणि एक रिपब्लिकन पक्षाचे, दीड वर्ष चौकशी केली. उत्पन्न जास्तीत जास्त वाढविणे हेच किमतीमागील उद्दिष्ट होते, असा निष्कर्ष त्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये मांडला. टेनोफोविरच्या अधिक सुरक्षित रूपाचा विकास २००४ मध्ये थांबविल्याबद्दलही कंपनीवर रुग्णांनी न्यायालयात दावे दाखल केले. ते रूप २०१५ मध्ये बाजारात आले. नफ्यासाठी विलंब केल्याचा आरोप कंपनीने नाकारला.

याच सूत्रधारांची दुसरी बाजू आपल्या शहरातून दिसते. २००६ पासून त्यांनी भारतीय उत्पादकांना टेनोफोविरचे परवाने दिले आणि २०११ मध्ये औषधांच्या सामायिक पेटंट-निधीत सहभागी होणारी ती पहिली औषधकंपनी ठरली. सप्टेंबर २०१४ मध्ये सात भारतीय उत्पादकांना ९१ देशांसाठी सोफोसबुविरचे परवाने मिळाले. त्यांत हैदराबादची हेटेरो होती. हैदराबादच्याच नॅटकोने त्या पेटंटला भारतात हरकत घेतली होती. पुढे २०१५ मध्ये तिनेही परवाना स्वीकारला आणि २८ गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना आणली. बारा आठवड्यांच्या तीन बाटल्यांचे साठ हजारांच्या आतच झाले. यात केवळ औदार्य होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. भारतीय पेटंट कायदा, हरकती घेणाऱ्या रुग्णसंघटना आणि स्वस्तात उत्तम औषध बनवू शकणारे आपले रसायनतज्ज्ञ यांचाही त्यात मोठा वाटा होता. औषध शोधणारे आणि ते स्वस्त करणारे हे दोन वेगळे गट असतात आणि रुग्णास दोघांचीही गरज असते.

मार्च २०१९ मध्ये डॅनियल ओ'डे यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली आणि वर्षभरातच कोविडची साथ आली. रेमडेसिविरचे परवाने मे २०२० मध्ये दिले गेले. हेटेरोची कुपी जूनमध्ये ५,४०० रुपयांना उपलब्ध झाली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत एकेका कुपीसाठी नातेवाइकांनी केलेली वणवण आपण पाहिली आहे. मृत्यूचे प्रमाण फारसे घटत नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत आढळले होते. तरीही आपण अनेकदा आग्रहापुढे नमलो. तो धडा कंपनीपेक्षा आपणांसाठी अधिक आहे.

ताजा अध्याय लेनाकापाविरचा. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील २,१३४ तरुणी व किशोरींना वर्षातून दोनदा हे इंजेक्शन देण्यात आले. त्यांपैकी एकीसही एचआयव्हीचा संसर्ग झाला नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. जून २०२५ मध्ये प्रतिबंधासाठी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली आणि तेथील किंमत वर्षास २८,००० डॉलरच्या वर ठेवण्यात आली. तत्पूर्वीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, १२० देशांसाठी सहा उत्पादकांना परवाने देण्यात आले होते. त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज व हेटेरो आणि पुण्याची एमक्युअर यांचा समावेश आहे. २०२७ पासून वर्षास सुमारे ४० डॉलरमध्ये हे औषध देण्याची घोषणा हैदराबादच्या या दोन कंपन्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये आपापल्या सहयोगी संस्थांसह केली.

मार्टिन २०२१ मध्ये निवर्तले. होली, मार्टिन आणि रिऑर्डन यांच्या कर्तृत्वाविषयी दुमत नाही. वाद राहिला तो किमतीचा, आणि तो प्रयोगशाळेत सुटणारा नाही. आपल्या मंडळातील तरुण डॉक्टरांना एवढेच सांगावेसे वाटते, की रिऑर्डन यांनी कंपनी काढली तेव्हा ते आपल्याएवढेच होते आणि त्यांच्यापाशी होता एका आजारपणाचा अनुभव. असे अनुभव आपल्या बाह्यरुग्ण विभागात रोज भेटतात. त्यांतून एखादे औषध घडविण्याची उमेद कोणी धरली, तर हे औषध कोणाच्या आवाक्यात राहील, हा प्रश्नही त्याने पहिल्याच दिवशी आपल्या टेबलावर ठेवावा.