मालक जबाबदार नाहीत!

शहराच्या कोणत्याही हमरस्त्यावर गाड्या धुण्याची केंद्रे आता हारीने दिसतात. पत्र्याची शेड, सिमेंटचा उतरता कोबा, कोपऱ्यात धडधडणारा पंप आणि हाती गन घेऊन उभा असलेला एखादा पोरगेला कामगार. या देखाव्यात आणखी एक गोष्ट सहसा चुकत नाही, ती म्हणजे भिंतीवरील पाटी. ‘धुलाईच्या वेळी वाहनाचे नुकसान झाल्यास मालक जबाबदार नाहीत. वाहनातील वस्तूंची जबाबदारी मालकाची राहील.’ पहिल्या वाक्यातील मालक दुकानाचा आणि दुसऱ्यातील गाडीचा, हे वाचणाऱ्याने समजून घ्यावयाचे असते. मजकूर बहुधा पेंटरनेच सुचविलेला असतो. शेजारच्या लाँड्रीसाठी त्याने तोच एखाददुसरा शब्द बदलून रंगविलेला असतो.

पाटी विनोदी असली तरी ती ज्या कामासंबंधी आहे ते काम खरोखरीच जोखमीचे आहे. गच्चीवरची टाकी नळापासून दहा मीटर उंच असली, तर तोटीशी पाण्याचा दाब सुमारे एक बार भरतो. धुलाईच्या यंत्राचा दाब १०० बार किंवा त्याहून अधिक असू शकतो. म्हणजे जणू एक किलोमीटर उंचीवरच्या टाकीचे पाणी एका बारीक छिद्रातून बाहेर पडावे. ही धार चिखल काढते तशीच गंज धरलेल्या जागेवरचा रंगही काढते. रेडिएटरच्या पातळ पट्ट्या ती वाकवते, चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीस धुऊन नेते आणि विजेच्या जोडण्यांत पाणी शिरविते. याच यंत्राने जुन्या इमारतींच्या भिंती धुतल्या जातात तेव्हा दगडांमधील चुन्याचे सांधे मोकळे होतात. ॲस्बेस्टॉसच्या जुन्या पत्र्यांवर ती धार सोडली, तर अपायकारक तंतू सुटून आसपास पसरतात.

अशा कामापूर्वी ग्राहकास काहीतरी सांगणे आवश्यक आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो काय सांगावे याचा. ‘रंगाचे पोपडे निघाले असल्यास आधी सांगावे’, ‘काचा पूर्ण बंद कराव्यात’, ‘गाडी चालू असताना मुलांना शेडमध्ये आणू नये’ ही झाली सूचना. तिच्यायोगे अपघात टळतो. ‘मालक जबाबदार नाहीत’ ही मात्र सूचना नव्हेच. तिच्यामुळे एकही काच बंद होत नाही की एकाही मुलाचा हात मागे ओढला जात नाही. नुकसान व्हावयाचे ते होतेच. फक्त त्याचा भार कोणी उचलावयाचा एवढेच ती ठरवू पाहते.

आणि तेही तिला कायद्याने पुरतेपणी ठरविता येत नाही. वस्तू विशिष्ट कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिली की १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार तो निक्षेप होतो, आणि सुज्ञ मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेणे ताबा घेणाऱ्यावर बंधनकारक ठरते. धुलाईसाठी दिलेली नवी साडी हरविली आणि दुकानदाराने निम्म्याच किमतीची भरपाई देण्याच्या पावतीवरील अटीकडे बोट दाखविले, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने ती अट लोकहिताच्या विरुद्ध म्हणून अग्राह्य ठरविली. १९६६ च्या निर्णयसंग्रहात हा निकाल आहे. दिल्लीत १ ऑगस्ट १९९८ रोजी एका पाहुण्याने आपली मोटार ताज महाल हॉटेलच्या नोकराकडे उभी करण्यासाठी दिली व ती चोरीस गेली. पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेलेच होते. सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी निर्णय दिला, की स्वतःच्या वा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा छापील वाक्याने झटकता येणार नाही; योग्य काळजी घेतली होती हे हॉटेलनेच सिद्ध करावयास हवे. त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर अनुचित कराराची व्याख्याच केली.

मग पाटी अजून भिंतीवर का? कारण ती न्यायाधीशाने वाचावी म्हणून लिहिलेलीच नसते. ती वाचावी ग्राहकाने. स्कूटरचा दिवा पाणी शिरून बंद पडला, तर दीडएक हजाराचा खर्च येतो. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीस जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही हे खरे. पण रजा लागते, हेलपाटे लागतात. आणि प्रत्यक्ष नुकसानीवाचून केवळ करारच अनुचित म्हणून दाद मागावयाची, तर ती राज्य आयोगाकडे. कारकुनाची एक किरकोळ रजा या हिशेबात दिव्यापेक्षा महाग पडते. तो पाटीकडे पाहतो, ‘लिहिलेलेच होते’ असे मनाशी म्हणतो आणि निघून जातो. कायद्यापुढे न टिकणारी पाटी गल्ल्यापाशी मात्र चोख काम बजावते.

ग्विडो कॅलाब्रेसी यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या अपघातांच्या खर्चावरील ग्रंथात एक साधा निकष मांडला होता: अपघात सर्वांत कमी खर्चात जो टाळू शकतो, त्याच्यावर त्याचा भार टाकावा. धार किती अंतरावरून मारावी, कोणते नोझल लावावे हे दुकानदारास ठाऊक असते. ग्राहकास नोझल म्हणजे काय हेही ठाऊक नसते. तेव्हा हा भार दुकानदाराकडेच असावयास हवा. तो ग्राहकाकडे सरकला की नोझल बदलण्याचे दुकानदारास कारण उरत नाही.

दुकानदाराची बाजू सर्वस्वी पोकळ आहे असे मात्र नव्हे. जुना ओरखडा आजच पडला असे सांगून भांडणारे ग्राहक असतात, आणि शेदोनशे रुपयांच्या धुलाईत अख्ख्या गाडीच्या रंगाचा विमा बसविता येत नाही. गाडीचा पूर्वेतिहास ग्राहकालाच माहीत असतो. तो त्याने लपविला तर त्या नुकसानीचा वाटा त्याने सोसणे न्याय्यच होय. पण त्यासाठी गाडी घेतेवेळी दोघांनी मिळून एक फेरी मारावी व दिसेल ते पावतीवर उतरवावे, एवढे पुरे आहे. हे काम दोन मिनिटांचे आहे. काम उरकल्यावर हाती पडणाऱ्या पावतीच्या पाठीमागे बारीक इंग्रजीत छापलेल्या अटींनी ते साधत नाही.

या सर्व व्यवहारात गन हाती धरणाऱ्या त्या मुलाविषयी कोणतीच पाटी नसते. एवढ्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरू शकते. जखम बाहेरून टाचणी टोचल्याएवढी दिसते. हळद लावून काम पुढे चालू राहते. आत मात्र पाणी आणि घाण स्नायूंपर्यंत पोहोचलेली असते, आणि अशा हातावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून विजेचे यंत्र चालविण्यातला धोका वेगळाच. उत्पादकाने हे इशारे यंत्रावर चिकटविलेले असतात, तेही अनेकदा इंग्रजीत, आणि रोजच्या पाण्याच्या माऱ्याने तो कागद लवकरच निघून गेलेला असतो.