खेळाडूंची चिकित्सा आणि आपली जबाबदारी

नाशिकच्या धावपटू संजीवनी जाधव यांनी 2017 साली भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 5000 मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत 10000 मीटरमध्ये रौप्यपदक मिळविले. एप्रिल 2019 मध्ये दोहा येथे आणखी एक आशियाई कांस्य लाभले. ते मात्र टिकले नाही. जून 2018 मधील मूत्रनमुन्यात प्रोबेनेसिड आढळल्याने 29 जून 2018 पासून दोन वर्षांची बंदी आली आणि तेव्हापासूनचे निकाल रद्द झाले. बंदी संपल्यावर त्या पुन्हा धावू लागल्या. परंतु कारकिर्दीवरील डाग पुसला गेला नाही.

प्रोबेनेसिड हे वातरक्तात दिले जाणारे कृत्रिम औषध असून अन्य निषिद्ध द्रव्ये लपविण्यास ते साहाय्य करते. आयुर्वेदीय औषधांशी या प्रकरणाचा संबंध आम्ही जोडत नाही. तथापि त्यामागील नियम आपणांसही लागू पडतो: द्रव्य शरीरात कोणत्याही मार्गाने आले, तरी प्रथम उत्तरदायित्व खेळाडूचेच असते. वैद्याने दिले होते, एवढे म्हटल्याने सुटका होत नाही.

आपल्या कपाटातील औषधे या दृष्टीने पाहावीत. अग्नितुंडी वटीतील कुचल्यात स्ट्रिक्निन असते. जातीफलादि चूर्णात भांग असते. सोमलता म्हणून विकल्या जाणाऱ्या वनस्पतीत एफेड्रिन असते. स्पर्धाकाळात ही तिन्ही निषिद्ध आहेत. एफेड्रिनची मूत्रातील मर्यादा दर मिलिलिटरला 10 मायक्रोग्रॅम इतकी आहे. रोग्यास हितकर ठरलेला योग खेळाडूची पदके हिरावू शकतो.

वाशीम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या गावांतही पोलीस व सैन्य भरतीसाठी पहाटे धावणारी मुले-मुली शक्तिवर्धक मागावयास येतात. त्यांतील एखादे उद्या राज्यस्तरावर पोहोचेल. म्हणून रुग्णपत्रिकेत 'स्पर्धेत भाग घेता काय?' हा प्रश्न असावा. औषधाचे घटक व बॅच क्रमांक लिहून द्यावेत. निनावी, सुटी शक्तिवर्धक चूर्णे फार्मसी-चालकांनी ठेवू नयेत. त्यांत स्टेरॉइडची भेसळ असू शकते. निषिद्ध द्रव्यांची सूची दरवर्षी 1 जानेवारीस बदलते. ती पाहण्याचा परिपाठ ठेवावा. 'वनस्पतिज, म्हणून निर्धोक' हे वाक्य तर खेळाडूपुढे कदापि उच्चारू नये, अशी सर्व वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे.